पाळीव शॅमेलिऑनचा पिंजरा

पाळीव शॅमेलिऑनचा पिंजरा म्हणजे शॅमेलिऑन कुळातील सरड्याला बंदिवासात ठेवण्यासाठी तयार केलेले, उष्णता, अतिनील प्रकाश, आर्द्रता, हवा आणि वनस्पती यांची ठरावीक मांडणी असलेले बंदिस्त निवासस्थान होय. शॅमेलिऑन हा वृक्षवासी, एकलकोंडा आणि शीतरक्ताचा प्राणी आहे. तो आपल्या शरीराचे तापमान आतून राखू शकत नाही; ऊन आणि सावली यांच्यामध्ये जागा बदलून तो ते साधतो. त्यामुळे पिंजऱ्यातील प्रत्येक उणीव थेट प्राण्याच्या शरीरावर उमटते. बंदिवासातील शॅमेलिऑनमध्ये आढळणारे बहुतेक आजार, उदाहरणार्थ हाडे मऊ पडणे, निर्जलीकरण, श्वसनमार्गाचा संसर्ग व भाजल्याच्या जखमा, हे पिंजऱ्याच्या रचनेतील दोषांशी निगडित असतात.

प्रथमच शॅमेलिऑन पाळणाऱ्यांमध्ये येमेनी शॅमेलिऑन ही जाती सर्वाधिक प्रचलित आहे. तिचे शास्त्रीय नाव कॅमेलिओ कॅलिप्ट्रॅटस असे असून इंग्रजी भाषक जगात ती व्हेल्ड शॅमेलिऑन या नावाने ओळखली जाते. प्रस्तुत लेखातील मापे व तापमाने, अन्यथा नमूद केले नसल्यास, याच जातीच्या प्रौढ प्राण्याला लागू आहेत.

पार्श्वभूमी

शॅमेलिऑन कुळात दोनशेहून अधिक जाती आहेत. त्यांपैकी सुमारे निम्म्या मादागास्कर बेटावर आढळतात; उर्वरित जाती मुख्यतः आफ्रिकेत आणि थोड्या अरबस्तान, दक्षिण युरोप व दक्षिण आशियात आहेत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत पाळीव प्राण्यांच्या बाजारात येणारे शॅमेलिऑन प्रामुख्याने जंगलातून पकडलेले असत. प्रवासातील निर्जलीकरण, परजीवींचा प्रादुर्भाव आणि अयोग्य पिंजरे यांमुळे ते अल्पकाळच जगत. त्यातूनच शॅमेलिऑन बंदिवासात जगत नाही, असा समज रूढ झाला होता.

येमेनी शॅमेलिऑनची बंदिवासात सहज पैदास होऊ लागल्यावर, तसेच अतिनील किरण देणारे दिवे बाजारात उपलब्ध झाल्यावर ही परिस्थिती बदलली. या जातीची मादी एका वेळी अनेक डझन अंडी घालते आणि पिल्ले बंदिवासातील हवामानाशी तुलनेने सहज जुळवून घेतात. मादागास्करमधील पँथर शॅमेलिऑन आणि पूर्व आफ्रिकेतील तीन शिंगांचा जॅक्सन शॅमेलिऑन याही जाती पाळल्या जातात. मात्र जॅक्सन शॅमेलिऑनला थंड, दमट पर्वतीय हवामान लागत असल्याने उष्ण प्रदेशात तो सांभाळणे कठीण ठरते.

नैसर्गिक अधिवास आणि रचनेमागील तत्त्व

येमेनी शॅमेलिऑन हा येमेनच्या पश्चिमेकडील डोंगरउतार आणि त्याला लागून असलेला सौदी अरेबियाचा नैर्ऋत्य भाग येथील मूळ रहिवासी आहे. अरबस्तान म्हटले की वाळवंट डोळ्यांसमोर येते. परंतु या पर्वतरांगांना मोसमी पाऊस मिळतो. पायऱ्यापायऱ्यांची शेते आणि वादी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ओढ्यांच्या खोऱ्यांमधील झाडेझुडपे हे या प्राण्याचे घर होय. तेथे दिवस उबदार व कोरडे, तर रात्री थंड आणि दवाने ओलावलेल्या असतात. पिंजऱ्यातील तापमान व आर्द्रता यांचे दैनंदिन चक्र याच नमुन्यावर आखले जाते.

झुडपात राहणाऱ्या शॅमेलिऑनला काही हात अंतराच्या टप्प्यात अनेक प्रकारची ठिकाणे उपलब्ध असतात: शेंड्यावर प्रखर ऊन, मध्यभागी पानांतून झिरपणारा प्रकाश आणि खाली दाट सावली. प्राणी गरजेनुसार यांपैकी जागा निवडतो. सकाळी तो गडद रंग धारण करून, शरीर चपटे करून ऊन घेतो आणि पुरेसे तापल्यावर पानांआड जातो. अतिनील प्रकाशाच्या बाबतीतही तो अशीच निवड करतो. क्रिस्टोफर कार्स्टेन, गॅरी फर्ग्युसन आणि सहकारी यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे आढळले की, आहारातून ड-जीवनसत्त्व कमी मिळालेले पँथर शॅमेलिऑन अतिनील प्रकाशात अधिक काळ थांबतात आणि पुरेसे मिळालेले प्राणी तो टाळतात.

या निरीक्षणातून पिंजऱ्याच्या रचनेचे मध्यवर्ती तत्त्व निघते. संपूर्ण पिंजऱ्यात एकच 'आदर्श' तापमान किंवा एकसारखा प्रकाश राखणे हे उद्दिष्ट नसून, वरून खाली क्रमाक्रमाने बदलणारी परिस्थिती निर्माण करणे हे उद्दिष्ट असते. पाळणाऱ्याने पर्याय उपलब्ध करून द्यावयाचे असतात. त्यांतील निवड प्राणी स्वतः करतो. ज्या पिंजऱ्यात सावली नाही, तेथे दिव्याचे तापमान अचूक असले तरी प्राणी भाजू शकतो. जेथे उबेची जागा नाही, तेथे पुरेसे अन्न मिळूनही त्याचे पचन होत नाही.

आकार व बांधणी

शॅमेलिऑनच्या पिंजऱ्यात उंचीला विशेष महत्त्व असते. प्रौढ नरासाठी ६० सें.मी. लांब, ६० सें.मी. रुंद आणि १२० सें.मी. उंच हे प्रचलित किमान माप आहे. मादी आकाराने लहान असल्याने काही पाळणारे तिला ४५ × ४५ × ९० सें.मी. मापाचा पिंजरा देतात. तथापि मोठे माप तिच्यासाठीही हितावह ठरते, कारण उंची वाढली की वर उष्ण व खाली थंड असा फरक राखणे सोपे जाते. काही महिन्यांचे पिल्लू थेट मोठ्या पिंजऱ्यात ठेवता येते. मात्र ते खाते की नाही यावर लक्ष ठेवण्यासाठी सुरुवातीचे काही आठवडे लहान पिंजरा वापरण्याची पद्धतही आहे.

बांधणीचे तीन प्रमुख प्रकार आढळतात.

जाळीचा पिंजरा: चारही बाजूंना आणि छताला ॲल्युमिनियमची किंवा प्लॅस्टिकचा थर दिलेली बारीक जाळी असते. हवा उत्तम खेळती राहते आणि उष्णता साचत नाही. उष्ण व दमट हवामानात हा प्रकार सर्वांत सुरक्षित मानला जातो. कोरड्या किंवा वातानुकूलित खोलीत मात्र यातील ओलावा लवकर उडून जातो. साधी खिडकीची जाळी नखांत अडकून बोटांना इजा करू शकते. त्यामुळे जाळीच्या तारा गुळगुळीत असणे आवश्यक असते.

काचेचे टेरेरियम: थंड व कोरड्या प्रदेशांत, विशेषतः युरोपात, याचा वापर होतो. यात खालच्या बाजूस पुढे हवेची फट आणि संपूर्ण छत जाळीचे असावे लागते. तापलेली हवा वरून बाहेर पडते आणि खालून ताजी हवा आत ओढली जाते. अशी व्यवस्था नसलेली, माशांसाठी बनवलेली काचेची टाकी शॅमेलिऑनसाठी अयोग्य असते. तिच्यात दमट हवा कोंडते, तसेच काचेतील स्वतःच्या प्रतिबिंबास दुसरा शॅमेलिऑन समजून प्राणी सतत तणावात राहू शकतो.

मिश्र पिंजरा: मागची बाजू व दोन्ही कडा घन पत्र्याच्या, तर पुढची बाजू व छत जाळीचे असते. ओलावा टिकवणे आणि हवा खेळती ठेवणे या दोन्ही गोष्टी यात साधता येतात. शिवाय तीन बाजू बंद असल्याने प्राण्याला आडोसा मिळतो. जाळीच्या पिंजऱ्याला बाहेरून पारदर्शक प्लॅस्टिक लावूनही असाच परिणाम मिळवता येतो.

एका पिंजऱ्यात एकच शॅमेलिऑन ठेवावा लागतो. नर-मादी किंवा दोन माद्या एकत्र ठेवल्यास उघड भांडण दिसले नाही तरी दुर्बळ प्राणी खाणे-पिणे सोडतो. दोन पिंजरे शेजारी असल्यास प्राण्यांना एकमेकांचे दर्शन होणार नाही असा पडदा मध्ये घालतात.

जागेची निवड

शॅमेलिऑनला खालून वर पाहावे लागले की धोका जाणवतो. उंचावर असताना तो निर्धास्त असतो. त्यामुळे पिंजरा जमिनीवर न ठेवता टेबलावर किंवा मजबूत मांडणीवर ठेवतात. सर्वांत वरची फांदी उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीच्या वर येईल अशी उंची योग्य समजली जाते. सतत ये-जा असलेला मार्ग, दूरचित्रवाणी संच, स्वयंपाकघराचा धूर, छताच्या पंख्याचा किंवा वातानुकूलन यंत्राचा थेट झोत, तसेच कुत्रा-मांजराची दृष्टी यांपासून पिंजरा दूर असावा लागतो.

खिडकीच्या काचेतून येणारे ऊन दुहेरी अडचणीचे असते. साधी काच अतिनील किरणांतील उपयुक्त भाग जवळजवळ पूर्णपणे अडवते, परंतु उष्णता आत येऊ देते. परिणामी प्राण्याला उन्हाचा लाभ मिळत नाही आणि पिंजरा मात्र तापतो. थेट उन्हात ठेवलेले काचेचे टेरेरियम काही मिनिटांत प्राणघातक ठरू शकते.

अंतर्गत रचना

पिंजऱ्याचा बहुतांश उपयोग त्यातील फांद्यांवर अवलंबून असतो. शॅमेलिऑनच्या पायाची बोटे दोन गटांत जुळलेली असून चिमट्याप्रमाणे फांदी पकडतात. ही पकड पक्की राहावी यासाठी पेन्सिलीपासून अंगठ्यापर्यंतच्या वेगवेगळ्या जाडीच्या फांद्या वापरतात. वेगवेगळ्या पातळ्यांवरील आडव्या फांद्या हे चालण्याचे रस्ते असतात आणि तिरप्या फांद्या त्यांना जोडतात. केवळ जाळीवर चढण्याची सोय असलेल्या पिंजऱ्यात नखे तुटतात. फांद्या प्लॅस्टिकच्या बांधपट्ट्यांनी घट्ट बांधाव्या लागतात, कारण हलणाऱ्या फांदीवर शॅमेलिऑन सहसा विसावत नाही.

शेकण्याची फांदी आडवी असते आणि ती दिव्याखाली योग्य अंतरावर बसवली जाते. प्राणी छताच्या जाळीला उलटा लटकून दिव्याच्या अगदी जवळ पोहोचू शकतो. येमेनी शॅमेलिऑनच्या डोक्यावर शिरस्त्राणासारखा उंच तुरा असतो. दिवा जाळीवर थेट टेकवलेला असल्यास हा तुरा व पाठीचा कणा या जागी भाजल्याच्या जखमा होतात. म्हणून दिवा जाळीपासून काही अंतर वर टांगतात.

वनस्पती आडोसा देतात, पाण्याचे थेंब धरून ठेवतात आणि हवेतील ओलावा टिकवतात. मनी प्लांट, शेफलेरा, जास्वंद आणि विपिंग फिग या नावाने ओळखला जाणारा शोभेचा फायकस या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या वनस्पती होत. येमेनी शॅमेलिऑन कीटकांबरोबरच पानेही खातो. त्यामुळे विषारी वनस्पती कटाक्षाने टाळाव्या लागतात. कण्हेर, धोतरा, रुई, शेर आणि चिकाळ निवडुंगवर्गीय झुडपे यांना पिंजऱ्यात स्थान नसते. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपांवर कीटकनाशकांचे अंश असू शकतात. त्यामुळे पाने वारंवार धुऊन, कुंडीतील माती बदलून आणि काही आठवडे वेगळे ठेवून मगच रोपे वापरली जातात. प्लॅस्टिकची पाने खाल्ल्यास आतड्यात अडथळा निर्माण होण्याचा धोका असल्याने या जातीसाठी जिवंत वनस्पतीच वापरणे इष्ट ठरते.

पिंजऱ्याच्या मध्यभागी पानांचा दाट पुंजका आणि त्याभोवती मोकळ्या फांद्या अशी मांडणी प्रचलित आहे. समोरून पाहणाऱ्याला प्राणी सहज दिसेनासा झाला, तर आडोसा पुरेसा आहे असे समजण्यास हरकत नाही. लपण्याची सोय असलेला शॅमेलिऑन अधिक वेळा उघड्यावर येतो, असा पाळणाऱ्यांचा सर्वसाधारण अनुभव आहे.

उष्णता

उष्णतेसाठी पांढरा प्रकाश देणारा साधा किंवा हॅलोजन दिवा पिंजऱ्याच्या बाहेर, छताच्या एका कोपऱ्यावर टांगला जातो. शॅमेलिऑन उष्णता वरून येणाऱ्या प्रकाशाशी जोडतो. पोटाखालून तापणारे दगड किंवा गाद्या त्याला ओळखू येत नाहीत आणि त्यांच्यामुळे जखमा होतात. रात्री लाल किंवा निळा दिवा लावणे अयोग्य असते, कारण शॅमेलिऑनची दृष्टी रंगांच्या बाबतीत तीक्ष्ण असून या प्रकाशामुळे त्याची झोप मोडते.

सर्वसाधारण तापमाने पुढीलप्रमाणे:

प्रौढ नराची शेकण्याची जागा: २९ ते ३२° से.
प्रौढ मादीची शेकण्याची जागा: सुमारे २७° से.
पिल्लाची शेकण्याची जागा: सुमारे २७° से.
पिंजऱ्याचा मधला व खालचा भाग: २२ ते २६° से.
रात्रीचे तापमान: १५ ते २० ° से.

ही तापमाने प्राण्याची पाठ जेथे येते त्या उंचीवर मोजली जातात. मादीचे तापमान कमी ठेवण्यामागे विशिष्ट कारण आहे. अधिक उष्णता आणि अमर्याद अन्न मिळालेली मादी मोठ्या संख्येने अंडी तयार करते आणि त्यामुळे तिचे आयुष्य घटते. पिल्लांचे शरीर लहान असल्याने ते लवकर तापते व लवकर कोरडे पडते. त्यांना प्रौढांइतकी उष्णता दिली जात नाही.

रात्रीचा गारवा हा दोष नसून आवश्यकता आहे. ज्या प्रदेशांत उन्हाळ्यात खोलीचेच तापमान ३२° से.च्या वर जाते, तेथे शेकण्याचा दिवा बंद ठेवून केवळ अतिनील व साधा प्रकाश दिला जातो. रात्रीचे तापमान दीर्घकाळ खाली येतच नसेल, तर वातानुकूलनाशिवाय हा प्राणी सांभाळणे अवघड होते. तोंड उघडे ठेवून बसणे, रंग अत्यंत फिका पडणे आणि दिव्यापासून दूर तळाशी उतरणे ही अतिउष्णतेची लक्षणे होत.

अतिनील प्रकाश

अतिनील किरणांपैकी यूव्हीबी या नावाने परिचित असलेला भाग त्वचेवर पडल्यावर शरीरात ड-३ जीवनसत्त्व तयार होते. अन्नातील कॅल्शियम शोषून घेण्यासाठी ते आवश्यक असते. त्याच्या अभावी शरीर हाडांतील कॅल्शियम काढून वापरू लागते. पाय वाकणे, जबडा मऊ पडणे, फांदीवरील पकड सुटणे आणि जीभ बाहेर फेकता न येणे ही या चयापचयी अस्थिविकाराची लक्षणे आहेत. वाकलेली हाडे नंतर सरळ होत नाहीत. म्हणून या दिव्याला पिंजऱ्याच्या साहित्यात अग्रक्रम दिला जातो.

यासाठी नळीच्या आकाराचा, टी-५ प्रकारचा उच्च क्षमतेचा दिवा वापरला जातो. ६० सें.मी. रुंदीच्या पिंजऱ्यावर सुमारे ५५ सें.मी. लांबीची, २४ वॅटची नळी बसते. तिचे ५ किंवा ६ टक्के वर्गवारीचे प्रकार येमेनी शॅमेलिऑनसाठी पुरेसे ठरतात. गुंडाळीच्या आकाराचे लहान दिवे अरुंद पट्ट्यातच किरण देत असल्याने त्यांची शिफारस केली जात नाही.

किरणांची तीव्रता अतिनील निर्देशांकात मोजतात. फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी सरपटणारे प्राणी निसर्गात स्वीकारत असलेल्या तीव्रतेनुसार चार पट्टे सुचवले आहेत. त्यांतील तिसऱ्या पट्ट्यात, म्हणजे सरासरी १.० ते २.६ निर्देशांकाच्या गटात, येमेनी शॅमेलिऑनचा समावेश केला जातो. शेकण्याच्या फांदीवर ३ च्या आसपास निर्देशांक आणि खाली उतरताना तो जवळजवळ शून्यावर येणे, अशी मांडणी पाळणारे करतात. जाळीच्या छतावर ठेवलेल्या ६ टक्के नळीपासून प्राण्याच्या पाठीचे अंतर साधारणतः २० ते २५ सें.मी. ठेवले जाते. मात्र जाळीची वीण, परावर्तक पत्रा आणि नळीची बनावट यांनुसार तीव्रता बदलते. दाट जाळी सुमारे एक-तृतीयांश किरण अडवू शकते. अचूक उत्तर केवळ अतिनील निर्देशांकमापीच देऊ शकतो.

नळी दृश्य प्रकाश देत राहिली तरी तिचे अतिनील उत्सर्जन कालांतराने घटते आणि हा बदल डोळ्यांना दिसत नाही. मापक नसल्यास सुमारे १२ महिन्यांनी नळी बदलण्याचा प्रघात आहे. सर्व दिवे टायमरवर जोडून रोज सुमारे १२ तास प्रकाश आणि १२ तास पूर्ण अंधार दिला जातो.

पाणी आणि आर्द्रता

शॅमेलिऑन सहसा भांड्यातील साचलेले पाणी पीत नाही. निसर्गात तो पानांवरील दव व पावसाचे थेंब चाटतो. हलणारा, चकाकणारा थेंब हीच त्याच्यासाठी पाण्याची खूण असते. वाटीत पाणी ठेवूनही तहानेने प्राणी दगावण्याचे प्रकार यातूनच घडतात.

पाणी देण्याचे तीन मार्ग एकत्रितपणे वापरले जातात. पहाटे दिवे लागण्यापूर्वी आणि रात्री दिवे मालवल्यानंतर काही मिनिटे बारीक फवारा देऊन पाने दवाप्रमाणे ओली केली जातात. दुपारी पानांवर ठिबक सोडली जाते, जेणेकरून तहानलेल्या प्राण्याला पिता येईल. रात्री, हवा थंड असताना, धुके निर्माण करणारे यंत्र चालवता येते. थंड दमट हवेतून श्वास घेताना शरीरातील पाण्याचा ऱ्हास कमी होतो. दिवसा आर्द्रता ३० ते ५० टक्के आणि रात्री ८० टक्क्यांच्या वर, असे चक्र या जातीसाठी योग्य मानले जाते.

येथे वेळेला महत्त्व आहे. तेच धुके दिवसा, तापलेल्या व कोंडलेल्या पिंजऱ्यात सोडल्यास जिवाणू व बुरशी यांची वाढ होऊन श्वसनमार्गाचा संसर्ग उद्भवतो. दोन फवाऱ्यांच्या दरम्यान पिंजरा पूर्णपणे कोरडा झालाच पाहिजे, हा नियम सर्वत्र पाळला जातो. ज्या किनारी प्रदेशांत हवा मुळातच दमट असते, तेथे धुके यंत्राची गरज सहसा भासत नाही. तेथे खरा प्रश्न ओलावा वाढवण्याचा नसून हवा खेळती ठेवण्याचा असतो.

प्राण्याला पुरेसे पाणी मिळते की नाही, हे विष्ठेवरून समजते. विष्ठेसोबत येणारा घन युरेटचा भाग पांढरा असल्यास स्थिती ठीक असते. तो गडद नारिंगी असल्यास निर्जलीकरणाची शक्यता असते. खोल गेलेले डोळे हे अधिक गंभीर लक्षण होय.

तळ आणि निचरा

नवशिक्यांसाठी मोकळा तळ सर्वांत सोयीचा असतो. तळाला भोके असलेली फळी आणि तिच्याखाली पाणी गोळा करणारा ट्रे ठेवला जातो. पाणी रोज ओतून तळ पुसला जातो. लाकडाचा भुसा, सालींचे तुकडे किंवा सुटी वाळू पसरल्यास कीटक पकडताना ते जिभेला चिकटून पोटात जाऊ शकतात. माती, पालापाचोळा आणि मृतभक्षी सूक्ष्म किडे यांचा सजीव थर तयार करण्याची पद्धतही आहे, परंतु तिला निचऱ्याच्या थराची आणि अनुभवाची जोड लागते.

फवारा आणि वीज एकाच ठिकाणी असल्याने वायरींची मांडणी काळजीपूर्वक करावी लागते. प्रत्येक वायर सॉकेटकडे जाण्यापूर्वी खाली झोळ देऊन वळवली जाते, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडते आणि सॉकेटपर्यंत पोहोचत नाही.

न खाल्लेले रातकिडे पिंजऱ्यात मोकळे सोडून देणे धोक्याचे असते. ते रात्री झोपलेल्या प्राण्याला चावतात. यासाठी कीटक गुळगुळीत कडांच्या कपात ठेवून खाऊ घालण्याची पद्धत रूढ आहे.

मादीसाठी अंडी घालण्याची जागा

येमेनी शॅमेलिऑनची मादी नराशी संबंध न येताही अफलित अंडी तयार करते. साधारणतः चार ते सहा महिन्यांच्या वयानंतर हे केव्हाही घडू शकते. अंडी घालण्यासाठी तिला जमिनीत बोगदा खणावा लागतो. योग्य जागा न मिळाल्यास ती अंडी धरून ठेवते आणि अंडी अडून मरण पावते. मादी एकटीच पाळली आहे, म्हणून या व्यवस्थेची गरज नाही, हा गैरसमज अनेक माद्यांच्या मृत्यूस कारणीभूत ठरतो.

यासाठी पिंजऱ्याच्या तळाशी सुमारे ३० सें.मी. खोलीचे अपारदर्शक भांडे कायमस्वरूपी ठेवले जाते. त्यात धुतलेली वाळू, किंवा वाळू व माती यांचे मिश्रण भरले जाते. ते इतके ओले असावे लागते की हाताने खणलेला बोगदा ढासळणार नाही, परंतु दाबल्यावर पाणीही गळणार नाही. मादी तळाशी फिरू लागली, खाणे कमी केले आणि खणू लागली, की पिंजऱ्याभोवती पडदा लावून तिला एकांत दिला जातो. खणताना कोणी पाहत असल्याचे जाणवल्यास ती काम अर्धवट सोडू शकते. पिल्लांमध्ये नर ओळखण्याची सोपी खूण म्हणजे मागच्या पायाच्या टाचेवरील लहान आर. मादीला ती नसते. खरेदीपूर्वीच ही खूण पाहिल्यास पुढील तयारी ठरवता येते.

पूर्वतयारी आणि मोजमाप

प्राणी घरी आणण्यापूर्वी पिंजरा किमान एक ते दोन आठवडे पूर्ण स्वरूपात चालवून पाहिला जातो. या काळात शेकण्याच्या फांदीवर, मध्यभागी आणि तळाशी दिवसातून अनेक वेळा तापमान व आर्द्रता नोंदवली जाते. खोलीचे हवामान, पंखा, पावसाळी दिवस या सर्वांचा परिणाम यात दिसतो. टोकाला संवेदक असलेली अंकीय तापमापी व आर्द्रतामापी यासाठी वापरतात. चिकटवण्याच्या तबकडीच्या मापकांची अचूकता कमी असते. दिव्याची उंची, फवाऱ्याचा कालावधी आणि टायमरच्या वेळा यांतील फेरबदल याच टप्प्यात केले जातात, कारण प्राणी आल्यानंतर प्रत्येक बदल त्याच्या तणावात भर घालतो.

पूर्वतयारीचे महत्त्व शॅमेलिऑनच्या स्वभावात आहे. भक्ष्य होण्याची भीती असलेल्या प्राण्यांप्रमाणे तो अशक्तपणा लपवतो. आजाराची चिन्हे बाहेर दिसू लागतात तेव्हा तो बहुधा बराच पुढे गेलेला असतो. दिवसा डोळे मिटून बसणे, कायम गडद रंगात राहणे, जमिनीवर झोपणे, पकड सैल होणे किंवा तोंडाशी फेस येणे यांपैकी काहीही आढळल्यास सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याचा सल्ला तातडीने घ्यावा लागतो. अशा पशुवैद्याचा शोध खरेदीपूर्वी घेणे हा तयारीचाच भाग समजला जातो.

कायदेशीर बाबी

येमेनी शॅमेलिऑनसह या कुळातील बहुतेक जाती वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या परिशिष्ट २ मध्ये समाविष्ट आहेत. त्यामुळे त्यांची एका देशातून दुसऱ्या देशात ने-आण परवान्याशिवाय करता येत नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा व हवाई येथे सुटलेल्या वा सोडलेल्या येमेनी शॅमेलिऑनची संख्या निसर्गात वाढली असून हवाईमध्ये ही जाती बाळगण्यास बंदी आहे. नको झालेला प्राणी बाहेर सोडणे सर्वत्रच पर्यावरणास घातक मानले जाते.

भारतात आढळणारी या कुळातील जाती म्हणजे भारतीय शॅमेलिऑन होय. महाराष्ट्रात ती घोयरा सरडा या नावाने परिचित आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये ती संरक्षित असून तिला पकडणे, पाळणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. हा प्राणी विषारी असल्याचा लोकसमज निराधार आहे. त्याला विषदंत नसतात. रस्त्यावर किंवा शेतात आढळलेला घोयरा घरी न आणता जवळच्या झाडावर सोडणे, आणि तो जखमी असल्यास वन विभागाला कळवणे, हाच उचित मार्ग होय. परदेशी जातींच्या बाबतीत, २०२२ च्या दुरुस्तीनुसार साइट्स परिशिष्टांतील जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांवर त्यांची नोंदणी करण्याचे बंधन आले असून त्याविषयीचे नियम २०२४ मध्ये अधिसूचित झाले आहेत. प्राण्याचा जन्म, मृत्यू व हस्तांतरण यांचीही नोंद करावी लागते. कागदपत्रांविना विकला जाणारा शॅमेलिऑन हा जंगलातून पकडलेला किंवा तस्करीतून आलेला असण्याची शक्यता असते.

हे सुद्धा पहा

सरडा
सरीसृप
टेरेरियम
मादागास्कर
साइट्स